पेस्ट्री शेफ व्हायचे असेल तर: नाशिकमधून सुरुवात करणाऱ्यांसाठी

गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडने संध्याकाळी चालत गेले, की काचेच्या कपाटात मांडलेल्या पेस्ट्री थोड्या थोड्या अंतरावर दिसत राहतात, आणि त्या पाहून या कामात यावेसे वाटणारी मुले-मुली मला दरवर्षी भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा कोर्सविषयी असतो. मी त्यांना आधी घरी पाठवते आणि एकच साधा स्पंज केक दहा वेळा करून यायला सांगते, कारण पेस्ट्री शेफला पगार मिळतो तो मंगळवारी जमलेला केक शनिवारी लग्नाच्या दोनशे पाहुण्यांसाठी तसाच्या तसा करून देण्याचा. दहावा केक पहिल्यासारखाच येणे हे या व्यवसायातले खरे कौशल्य आहे, आणि कोर्स कोणता निवडावा, नोकरी कुठे शोधावी, दर किती लावावा या सगळ्या प्रश्नांची उत्तरे शेवटी त्याच्यापाशीच येतात.

कामाचा आवाका आधी नीट समजून घ्यावा. मोठ्या हॉटेलात या विभागाकडे पहाटेचे ब्रेड आणि क्रोसाँ, न्याहारीचे मफिन, दुपारचे केक आणि टार्ट, रात्रीच्या जेवणानंतर बशीत मांडून द्यायची डेझर्ट, चॉकलेटचे काम, आइसक्रीम आणि मजल्यांचे केक एवढे सगळे असते. वाढदिवसाच्या केकवर फुले काढणे हा त्यातला एक छोटा भाग आहे. कामाची सुरुवात पहाटे चार-पाचला होऊ शकते, आठ-दहा तास उभे राहावे लागते, दिवाळी, नाताळ आणि एकतीस डिसेंबर हे सुटीचे नव्हे तर सर्वांत जास्त कामाचे दिवस असतात, आणि पहिली दोन वर्षे पगार बेताचाच असतो. हे घरच्यांशी आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावे, कारण पुष्कळ जण काम जमत नाही म्हणून न सोडता वेळा जमत नाहीत म्हणून सोडतात.

एक स्पंज, दहा वेळा

या परीक्षेसाठी फार सामान लागत नाही. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, ओव्हनच्या आत ठेवायचा थर्मामीटर, हातात धरायचे विजेचे बीटर आणि आठ इंची गोल टिन एवढे पुरते, आणि टिन भांडी बाजारात मिळून जातो. कप आणि चमच्याचे माप मात्र पहिल्याच दिवशी सोडून द्यावे. एकाच कपात मैदा हलक्या हाताने भरला तर सुमारे १२० ग्रॅम बसतो आणि दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो, आणि एवढ्या फरकाने स्पंजचा पोत पूर्ण बदलतो. अंड्यांचेही तसेच आहे. परदेशी कृतीत ‘तीन मोठी अंडी’ लिहिलेले असते तेव्हा कवचाशिवाय सुमारे १५० ग्रॅम अपेक्षित असतात, आणि आपल्या दुकानातले अंडे बरेचदा त्याहून लहान निघते. म्हणून अंडी फोडून, ढवळून, वजन करूनच घ्यावीत.

प्रमाण असे घ्यावे: अंडी २०० ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, मैदा १२० ग्रॅम आणि वितळवलेले बिनमिठाचे लोणी ४० ग्रॅम. अंडी आणि साखर एका भांड्यात घेऊन ते भांडे गरम पाण्याच्या वाफेवर धरावे आणि मिश्रण ४० ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत कोमट होईतो सतत हलवत राहावे. मग खाली उतरवून ते फेटावे. आधी फेस मोठ्या बुडबुड्यांचा असतो, मग बारीक होत जातो, रंग फिका पिवळा होतो, मिश्रण जवळजवळ तिपटीने फुगते, आणि बीटर वर उचलल्यावर पडणारी धार पृष्ठभागावर फितीसारखी आठ-दहा सेकंद दिसत राहते. ही फीत दिसली की थांबावे. चाळलेला मैदा तीन वेळांत घालून रबरी सुरीने तळापासून वर आणत अलगद मिसळावा. लोण्यात आधी थोडे मिश्रण कालवून मग ते सगळ्यात घालावे, म्हणजे लोणी तळाशी बसत नाही. १७५ अंशांना साधारण पंचवीस मिनिटे भाजावे.

केक थंड झाल्यावर मधोमध कापावा आणि काप नीट पाहावा. तळाशी पिवळट, घट्ट थर दिसला तर लोणी नीट मिसळले गेले नाही. सगळाच केक बसका असेल तर फेटणे कमी पडले. चावताना रबरासारखा लागला तर मैदा घातल्यावर हात जास्त चालला. मध्यभागी खळगा पडला तर केक आत कच्चा असतानाच बाहेर आला किंवा ओव्हनचे दार लवकर उघडले गेले. प्रत्येक वेळी तारीख, खोलीचे तापमान, अंड्यांचे नेमके वजन, फेटण्याची मिनिटे आणि ओव्हनच्या आतले खरे तापमान वहीत लिहावे, कारण घरगुती ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतले तापमान यांत पंधरा-वीस अंशांचा फरक असणे अगदी नेहमीचे आहे. दहाव्या वेळीही तुम्हाला ही वही भरण्यात रस वाटत असेल, तर हे काम तुमचे आहे. चौथ्या वेळीच कंटाळा आला असेल, तर लाखभर रुपये फी भरण्याआधीच ते कळले, हेही कमी नाही.

शिकायचे कुठे

दहावीनंतरचा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित मार्ग आयटीआयचा आहे. ‘बेकर अँड कन्फेक्शनर’ हा एक वर्षाचा ट्रेड दहावी उत्तीर्णांसाठी असतो. राज्याची आयटीआय प्रवेशप्रक्रिया ऑनलाइन होते आणि कोणत्या संस्थेत हा ट्रेड आहे ते त्या वर्षीच्या यादीत पाहून पसंतीक्रम भरावा लागतो. शिक्षणाबरोबर ॲप्रेंटिसशिपही मिळू शकते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली हॉटेले आणि कारखाने शिकाऊ उमेदवार घेतात आणि त्यांना विद्यावेतन द्यावे लागते.

बारावीनंतर नॅशनल कौन्सिल फॉर हॉटेल मॅनेजमेंट अँड केटरिंग टेक्नॉलॉजी या परिषदेची बेकरी आणि कन्फेक्शनरीची दीड वर्षाची पदविका आहे. त्यात वर्षभर वर्ग आणि नंतर सुमारे सहा महिने प्रत्यक्ष हॉटेलातले प्रशिक्षण असते. ती कोणकोणत्या केंद्रांत चालते ते त्या वर्षीच्या प्रवेश माहितीत पाहावे. हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घ्यायची असेल, तर परिषदेशी जोडलेल्या संस्थांसाठी एनसीएचएम जेईई ही राष्ट्रीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि बारावीला इंग्रजी विषय असावा लागतो. नाशिककरांना जवळची म्हणजे दादरची इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट, जी १९५४ साली सुरू झाली, आणि पुण्यात शिवाजीनगरची राज्य शासनाची संस्था. पदवीत स्वयंपाकघराबरोबर फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग आणि हिशेबही शिकावा लागतो. ज्याला पुढे एक्झिक्युटिव्ह शेफ व्हायचे आहे किंवा परदेशी जायचे आहे, त्याला पदवीचा उपयोग होतो. ज्याला फक्त पेस्ट्रीच करायची आहे, त्याने पदविका किंवा आयटीआय निवडून वाचलेली वर्षे भट्टीसमोर घालवावीत, असे मला वाटते.

खासगी अकादम्यांचे तीन महिन्यांपासून वर्षभरापर्यंतचे कोर्सही आहेत आणि त्यांपैकी काही फार चांगले आहेत, पण फी लाखांत जाते. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: रोज प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून किती पदार्थ होतात, एका ओव्हनमागे किती जण असतात, आणि स्पंज मैद्यापासून करतात की तयार प्रीमिक्समधून. मी स्वतः सुरुवातीला एका खासगी वर्गात दहा दिवसांचा कोर्स केला होता. तिथे स्पंज प्रत्येक वेळी प्रीमिक्सचाच होत असे, ओव्हनला हात लावायची परवानगी नसे, आणि आम्ही बारा जणी एकाच केकवर आळीपाळीने क्रीमची फुले काढत होतो. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळाले, पण पुढे एका बेकरीत मैदा, अंडी आणि साखर समोर आली तेव्हा कुठून सुरुवात करावी हे मला कळले नाही. त्या पैशांपेक्षा त्या दिवशीच्या अवघडलेपणाचे दुःख जास्त झाले, आणि म्हणूनच हे इतक्या स्पष्टपणे लिहिते आहे.

कोर्स कोणताही करा, त्याआधी किंवा त्याबरोबर सहा महिने एखाद्या चालत्या बेकरीत काम करा. जुन्या नाशकात लादीपाव, टोस्ट, खारी आणि नानकटाई करणाऱ्या बेकऱ्या आहेत. तिथल्या कारागिरांना फ्रेंच नावे माहीत नसतील, पण ट्रेच्या रंगावरून भट्टीचे तापमान ओळखणे, पन्नास किलो मैद्याच्या मळणीत पाणी किती कमी करायचे ते हाताने समजणे, आणि एक ट्रे आत जात असताना दुसरा तयार ठेवणे, ही शिस्त तुम्हाला कोणत्याही वर्गात इतक्या लवकर लागणार नाही.

हाताला काय यायला हवे

पहिली गोष्ट म्हणजे टक्क्यांचा हिशेब. बेकरीत मैदा नेहमी १०० धरतात आणि बाकी प्रत्येक जिन्नस त्याच्या टक्केवारीत मोजतात. टार्टच्या गोड पिठाचे जुने प्रमाण एक भाग साखर, दोन भाग लोणी आणि तीन भाग मैदा असे आहे, म्हणजे मैदा १००, लोणी ६६.७ आणि साखर ३३.३, एकूण २००. समजा ३० ग्रॅमच्या चाळीस टार्टांची ऑर्डर आहे. पीठ लागेल १,२०० ग्रॅम, त्याचा निम्मा म्हणजे ६०० ग्रॅम मैदा, ४०० ग्रॅम लोणी आणि २०० ग्रॅम साखर. हा हिशेब कागद न घेता करता आला पाहिजे, कारण हॉटेलात ऑर्डरचा आकडा संध्याकाळी बदलतो आणि माल सकाळी लागतो.

दुसरी गोष्ट साखरेचा पाक, आणि इथे मराठी घरात वाढलेल्यांना मोठा आधार आहे. एकतारी, दोनतारी, गोळीबंद आणि चिक्कीचा पाक हे टप्पे आपल्या आई-आज्या बोटांनी ओळखत आल्या. पेस्ट्रीच्या पुस्तकात तेच टप्पे अंशांत लिहिलेले असतात. गोळीबंद पाक साधारण ११२ ते ११८ अंशांना येतो आणि इटालियन मेरिंगसाठी, म्हणजे गरम पाक घालून फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याच्या फेसासाठी, तोच लागतो. चिक्कीसारखा कडकडीत मोडणारा पाक १४६ ते १५४ अंशांच्या दरम्यान येतो आणि साखरेची सजावट त्यातून होते. मात्र पुस्तकातले हे आकडे समुद्रसपाटीचे असतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि इथे पाणी साधारण ९८ अंशांवरच उकळते. पाकाचे टप्पेही तेवढेच खाली सरकतात, म्हणून पुस्तकात ११८ लिहिले असेल तिथे आपण ११६ ला गॅस बंद करावा. नवीन थर्मामीटर आणल्यावर तो बर्फाच्या पाण्यात शून्य आणि उकळत्या पाण्यात ९८ दाखवतो का, ते तपासून घ्यावे. तो उकळत्या पाण्यात १०० दाखवत असेल, तर तो दोन अंश जास्त दाखवतो आहे, हे वहीत लिहून ठेवावे. आणि दर वेळी थोडा पाक गार पाण्याच्या वाटीत टाकून बोटांनी गोळी करून पाहण्याची आईची पद्धत सोडू नये. यंत्र बिघडले तरी बोटे सांगतात.

तिसरी गोष्ट थरांची. चिरोटे किंवा साट्याच्या करंज्या ज्यांनी लाटल्या आहेत, त्यांना हे तत्त्व आधीच माहीत असते: पोळीवर साटा लावून गुंडाळी केली की तळताना पदर सुटतात. पफ पेस्ट्रीत साट्याच्या जागी लोण्याची अख्खी लादी पिठाच्या घडीत बंद करून लाटतात. तीन पदरी घडी सहा वेळा घातली, की लोण्याचे ३, ९, २७, ८१, २४३ आणि शेवटी ७२९ थर होतात. क्रोसाँसाठी तीनच घड्या, म्हणजे २७ थर पुरतात. लोण्यात सुमारे सोळा टक्क्यांपर्यंत पाणी असते, त्याची ओव्हनमध्ये वाफ होते आणि ती पदर वर उचलते. पण हे तेव्हाच घडते, जेव्हा लाटताना लोणी आणि पीठ दोन्ही सारख्याच कडकपणाचे असतात. लोणी १३ ते १६ अंशांना वाकते पण वितळत नाही. त्याहून थंड असेल तर आतल्या आत तुकडे पडतात, गरम असेल तर ते पिठात जिरते आणि पदरांऐवजी जाड बिस्किट हाती येते. नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत पहाटे ओट्यावर हे काम सहज होते, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या घरात गेला की दुपारी ते जवळपास अशक्य होते. म्हणून शिकायला सुरुवात थंडीत करावी, प्रत्येक दोन घड्यांनंतर पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे, आणि उन्हाळ्यात हे काम पहाटे पाचला उरकावे. बेकरीतली खारी ही याच कुटुंबातली आहे. ती बहुधा वनस्पती किंवा मार्जरिनमध्ये होते, कारण ते लोण्यापेक्षा जास्त तापमानाला टिकते आणि स्वस्तही पडते. महागडे लोणी वापरण्याआधी घडी घालण्याचा हात मार्जरिनवर बसवून घेण्यात काहीच कमीपणा नाही.

चॉकलेटचे काम शिकताना आपल्या हवेची अडचण सर्वांत जास्त जाणवते. खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असते आणि ते सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकते. त्यांपैकी एकच प्रकार चकाकी आणि मोडताना येणारा टक असा आवाज देतो. तो मिळवण्यासाठी डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवून, २७-२८ पर्यंत उतरवून, पुन्हा ३१-३२ ला आणतात. याला टेंपरिंग म्हणतात. मिल्क चॉकलेटसाठी शेवटचा आकडा २९-३० असतो. हे सगळे जमले तरी खोली १८ ते २२ अंशांची असावी लागते, नाहीतर पांढरट डाग येतात. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरे वनस्पतिजन्य तेल असते आणि त्याला टेंपरिंग लागत नाही. शिकताना दोन्ही वापरावीत, पण पाकिटावरची जिन्नसांची यादी वाचून कोणते काय ते ओळखावे, आणि गिऱ्हाइकाला कंपाउंड हे चॉकलेट म्हणून कधीही देऊ नये.

क्रीमबाबतही हाच प्रामाणिकपणा हवा. केकवर उभे राहणारे दुधाचे क्रीम किमान ३५ टक्के स्निग्धांशाचे लागते. दुकानात मिळणाऱ्या २५ टक्क्यांच्या फ्रेश क्रीमला कितीही फेटले तरी ते उभे राहत नाही. दुकानांतल्या बहुतेक केकवर वनस्पती तेलाचे नॉन-डेअरी टॉपिंग असते, कारण ते उन्हात जास्त वेळ टिकते. एप्रिलमध्ये त्र्यंबकेश्वर रस्त्यावरच्या एका कार्यक्रमासाठी मी दुधाच्या क्रीमचा दोन मजली केक नेला आणि पोहोचेपर्यंत वरचा मजला दोन बोटे सरकलेला होता. तेव्हापासून उन्हाळ्यात मजल्यांचा केक असेल, तर मी आदल्या रात्री तो पूर्ण गार करते, खालच्या मजल्यात आधाराच्या कांड्या घालते आणि मजले जागेवर पोहोचल्यावरच एकमेकांवर ठेवते.

आपल्या शहरात बिनअंड्याच्या मालाला मोठी मागणी आहे, आणि तो कमी दर्जाचा समजून कसाबसा करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. अंडे हवा धरते, बांधते आणि ओलावा देते. ती तिन्ही कामे वेगवेगळ्या जिनसांकडून करून घ्यावी लागतात, म्हणजे दही आणि खाण्याचा सोडा फुगवण्यासाठी, कंडेन्स्ड मिल्क ओलावा आणि रंगासाठी. हे मिश्रण तयार झाले की थांबू नये, कारण दही आणि सोड्याचा वायू लगेच सुटू लागतो. जिलेटिन प्राण्यांपासून होते, त्यामुळे शाकाहारी मूस आणि जेलीसाठी चायना ग्रास वापरावे. ते दोन मिनिटे नीट उकळावे लागते आणि साधारण ३५ ते ४० अंशांवरच गोठू लागते, म्हणून त्यात थंडगार आमरस एकदम ओतला तर गुठळ्या होतात. रस कोमट करून मग मिसळावा. जिलेटिन वापरायचेच असेल, तर कच्चे अननस, पपई आणि किवी त्याला गोठू देत नाहीत. ती फळे आधी शिजवून घ्यावीत.

फळांच्या बाबतीत मात्र नाशिकसारखे शिकण्याचे ठिकाण मिळणे अवघड. जानेवारीपासून दिंडोरी-निफाडची द्राक्षे, थंडीत सुरगाण्याची स्ट्रॉबेरी, कसमादे पट्ट्यातले डाळिंब हे सगळे दारात येते. द्राक्षाला पाणी फार असते, तेव्हा ती टार्टवर मांडण्याआधी पुसून कोरडी करावीत आणि पिठाच्या कवचाला आतून वितळवलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा पातळ हात द्यावा, म्हणजे कवच संध्याकाळपर्यंत कुरकुरीत राहते. मोठ्या शहरात ट्रायल, म्हणजे नोकरीआधीची प्रात्यक्षिक परीक्षा, द्यायला जाल तेव्हा असा एखादा पदार्थ, जो तुमच्या मातीतला आहे आणि ज्याच्या प्रत्येक पायरीचे कारण तुम्हाला सांगता येते, तुमची ओळख बनतो.

नोकरी

मुंबई-आग्रा महामार्गावरची मोठी हॉटेले, गंगापूर धरणाच्या बाजूचे वाइनरी आणि रिसॉर्ट, गंगापूर रोडवरचे कॅफे आणि शहरातल्या केकच्या साखळ्या, ही नाशिकमधली पहिल्या नोकरीची ठिकाणे. हॉटेलात सुरुवात कॉमी, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीचा शेफ, म्हणून होते, तिथून डेमी शेफ द पार्टी, शेफ द पार्टी, सू शेफ आणि मग पेस्ट्री शेफ. पहिल्या वर्षी तुम्ही फळे कापता, ट्रे पुसता, स्पंजला सिरप लावता आणि वजने करता. ही कामे कंटाळवाणी वाटली तरी ती मनापासून करावीत, कारण वरचा शेफ तुमच्याकडे चॉकलेट कधी सोपवायचे ते तुमच्या कापलेल्या फळांवरूनच ठरवतो. कॅफेत पगार बरा असला तरी एकाच प्रकारचे काम होते. सुरुवातीची दोन वर्षे शक्य असेल तर मोठ्या हॉटेलच्या विभागात काढावीत.

मुंबईतल्या नोकरीसाठी ट्रायल द्यायला पंचवटी एक्सप्रेसने सकाळी दादरला उतरून संध्याकाळच्या त्याच गाडीने परत येता येते. ट्रायलला जाताना स्वतःची लहान सुरी, स्पॅट्युला, थर्मामीटर, वही आणि पेन न्यावे, न घसरणारे बंद बूट घालावेत, नखे कापलेली असावीत आणि घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवाव्यात. पदार्थ सुरू करण्याआधी सगळे जिन्नस मोजून ओळीने मांडावेत. पदार्थ जितका पाहतात तितकेच शेवटी ओटा कसा ठेवला तेही पाहतात. फोटोंचा अल्बम दाखवाल तर त्यात केकचा बाहेरचा फोटो आणि कापलेल्या कापाचा फोटो दोन्ही असू द्यावेत, आणि तयार साच्यातून काढलेली फुले स्वतःच्या हाताची म्हणून दाखवू नयेत. जाणकार शेफ ते लगेच ओळखतो.

हात भाजणे हा या कामाचा भाग आहे, म्हणून एवढे नक्की लक्षात ठेवावे: पाक किंवा गरम ट्रे लागला तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या, साध्या पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट, हळद, बर्फ यांपैकी काहीही लावू नये.

स्वतःचे काम सुरू करताना

घरून केक विकायचे असतील तरी अन्नसुरक्षा कायदा २००६ लागू होतो. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस संकेतस्थळावर अर्ज करून, उलाढालीनुसार नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. छोट्या व्यवसायाच्या नोंदणीचे शुल्क वर्षाला १०० रुपये आहे, त्यामुळे ती टाळण्याचे काही कारण नाही. अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे असते. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वराची लस आवश्यक आहे, आणि फोस्टॅक नावाचे अन्नसुरक्षेचे छोटे प्रशिक्षण घ्यावे. पाकिटावर छापताना एक गोष्ट बऱ्याच जणांची चुकते: अंडे असलेला केक नियमाप्रमाणे मांसाहारी गटात येतो, त्यावर तपकिरी चिन्ह लागते. हिरवे चिन्ह फक्त बिनअंड्याच्या मालावर छापावे.

दर ठरवताना शेजारची बाई काय लावते ते पाहू नये. समजा एक किलोच्या स्ट्रॉबेरी केकला जिन्नस ३८० रुपयांचे लागले, खोका आणि पुठ्ठा ६०, वीज ३०, दोन तासांची स्वतःची मजुरी तासाला १०० प्रमाणे २००, आणि जिनसांत पाच टक्के नासधूस धरून १९. एकूण ६८९ रुपये. हा केक ६०० ला विकला तर प्रत्येक केकमागे स्वतःच्या मजुरीतले ८९ रुपये जातात, आणि बहुतेक जण मजुरी धरतच नसल्यामुळे ते कित्येक महिने लक्षातही येत नाही. फळाच्या वजनात देठ आणि खराब निघालेले दाणे वजा करून उरलेल्या वजनावर भाव काढावा. स्ट्रॉबेरीचा भाव हंगामात आठवड्याला हलतो आणि लोण्याचा सणाच्या तोंडावर, म्हणून हा तक्ता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नव्याने मांडावा आणि त्या महिन्याच्या ऑर्डरींना त्याच तक्त्यातला दर सांगावा.